सीडी घातली, तरी संगणक सुरू होईना!

२०१४ सालची दिवाळीची सुट्टी. मी गावी, केजला आलो होतो. तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवणारे माझे जुने परिचित शिक्षक घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, “सर, तुम्ही एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेत काम करता. आमच्या शाळेतला एक जुना संगणक जरा बघता का? नवी सीडी घातली, तरी तो चालूच व्हायला तयार नाही.”

माझा विषय पदार्थविज्ञान. संगणकाची दुरुस्ती हा काही माझा धंदा नव्हे, हे मी त्यांना सांगितले. पण त्यांनी पुढे जे सांगितले त्यामुळे नाही म्हणवेना. या शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक आहे. २००३ पासून दर पावसाळ्यात मुले रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजत आणि वहीत लिहीत. पुढे शाळेत संगणक आला तेव्हा मुलांनीच त्या वह्या संगणकात उतरवल्या. दरवर्षीची एक, अशा बारा फाइली झाल्या होत्या. दरम्यान काही वह्या वाळवीने खाल्ल्या. आता त्या नोंदी फक्त या एका संगणकात होत्या आणि तो संगणक सुरू होत नव्हता. ज्या भागात पाऊस दोन आठवडे पुढे सरकला तरी पेरणी वाया जाते, तेथे गावातल्या पावसाच्या बारा वर्षांच्या रोजच्या नोंदी म्हणजे काय, हे शिक्षकमित्रांना वेगळे सांगायला नको.

संगणकात ‘विंडोज एक्सपी’ ही कार्यप्रणाली होती. तिला कंपनीकडून मिळणारा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला होता. तशात ती सुरू होणेही बंद झाले. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एक ओळ येई आणि सगळे तेथेच थांबे. म्हणून गुरुजींनी लिनक्सची एक छोटी, सीडीत मावणारी आवृत्ती मिळवली होती. पण सीडी घातली तरी तीच काळी ओळ. दुरुस्ती करणाऱ्या एकाने दोन उपाय सुचवले होते: मदरबोर्ड बदला, नाहीतर हार्डडिस्क कोरी करून पाहा. पहिल्या उपायाला शाळेकडे पैसे नव्हते आणि दुसऱ्यात पावसाच्या नोंदी जाणार होत्या.

पुढच्या दीड दिवसात आम्ही काय केले ते येथे सांगतो आहे. संगणक दुरुस्त करणारे तर गल्लोगल्ली आहेत. पण दोष शोधण्याची रीत ही विज्ञानाचीच रीत आहे आणि ती वर्गात शिकवता येते, म्हणून हा लेख.

पंपात आधी पाणी

संगणक सुरू होताना नेमके काय होते? येथे एक गंमतीचे कोडे आहे. हार्डडिस्कवरची किंवा सीडीवरची माहिती वाचायची तर ती कशी वाचायची हे सांगणारा कार्यक्रम, म्हणजे प्रोग्रॅम, संगणकाच्या स्मृतीत असावा लागतो. पण वीज गेली की स्मृती कोरी होते. म्हणजे वाचण्यासाठी प्रोग्रॅम हवा आणि प्रोग्रॅम मिळवण्यासाठी वाचता यायला हवे!

विहिरीवरच्या पंपाचे असेच असते. पंपात हवा असेल तर तो कितीही फिरला तरी पाणी ओढत नाही. आधी वरून बादलीभर पाणी ओतून तो भरावा लागतो. पाणी ओढण्यासाठी आधी थोडे पाणी हवे. संगणकातले हे ‘बादलीभर पाणी’ मदरबोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये कायमचे साठवलेले असते. या प्रोग्रॅमला ‘बायॉस’ म्हणतात. वीज येताच प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, ठरलेल्या एकाच ठिकाणाहून आज्ञा वाचू लागतो आणि ते ठिकाण या चिपमध्ये असते. इंग्रजी बुटांना मागच्या बाजूला ओढून घालण्यासाठी एक पट्टा असतो. स्वतःच्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलणे या अशक्य कल्पनेवरून या क्रियेला ‘बूट होणे’ असे नाव पडले.

त्यानंतरच्या पायऱ्या अशा :

१. वीजपुरवठा स्थिर होतो.
२. बायॉस स्मृती, कळफलक, पडदा यांची तपासणी करते. काही बिघाड असेल तर ‘पीं पीं’ असा ठरावीक आवाज करून सांगते.
३. प्रणाली कोठे शोधायची याचा क्रम बायॉस पाहते. उदाहरणार्थ, आधी फ्लॉपी, मग हार्डडिस्क, मग सीडी.
४. त्या क्रमाने एकेका साधनाच्या ठरलेल्या जागी ‘येथे सुरुवातीचा प्रोग्रॅम आहे’ अशी खूण आहे का, ते पाहते.
५. खूण सापडली की तो छोटा प्रोग्रॅम स्मृतीत घेऊन सर्व कारभार त्याच्याकडे सोपवते.
६. तो छोटा प्रोग्रॅम मोठ्या कार्यप्रणालीला बोलावतो.

ही साखळी आहे. दोष शोधताना पहिला प्रश्न ‘काय बिघडले?’ हा नसतो. ‘साखळी कोणत्या कडीपर्यंत शाबूत आहे?’ हा असतो. आमच्या संगणकाचा पंखा फिरत होता, आवाज एकदाच आणि नेहमीसारखा येत होता, पडद्यावर अक्षरे दिसत होती. म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या पार पडत होत्या. प्रक्रियक, स्मृती, पडदा आणि मदरबोर्डचा बराचसा भाग ठीक होता. एक पैसा खर्च न करता, केवळ पाहून आणि ऐकून ‘मदरबोर्ड बदला’ हा सल्ला बाजूला ठेवता आला.

पहिला दोष : विसराळू संगणक

आता तिसरी पायरी. सुरुवातीला एक ठरावीक कळ दाबली की बायॉसच्या मांडणीचा निळा पडदा येतो. तेथे शोधाचा क्रम पाहिला. फ्लॉपी, हार्डडिस्क, सीडी असा तो होता. मी गुरुजींना म्हटले, “सीडी शेवटी आहे, ती वर घ्यावी लागेल.” त्यावर ते चमकले. “काल तर मी स्वतः बदललं होतं की हो सर! जतनही केलं होतं. आज परत तसंच कसं?”

हे वाक्य फार महत्त्वाचे होते. नोंद घेणाऱ्या माणसाच्या लक्षातच असली विसंगती येते. त्याच पडद्याच्या कोपऱ्यात दुसरा पुरावा होता. तारीख होती १ जानेवारी २००२!

काल केलेला बदल आणि आजची तारीख, दोन्ही संगणक विसरला होता. या दोन गोष्टी एकाच ठिकाणी ठेवलेल्या असतात. मदरबोर्डवर एक अतिशय कमी वीज लागणारी छोटी स्मृती आणि घड्याळ असते. संगणक बंद असताना ते एका नाण्याच्या आकाराच्या सेलवर चालते. ३ व्होल्टचा लिथियमचा हा सेल सहसा ‘सीआर २०३२’ या प्रकारचा असतो. व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून हा आकडा. आयबीएमने १९८४ मध्ये आणलेल्या ‘पीसी-एटी’ या संगणकात घड्याळासह ही स्मृती अवघी ६४ बाइटची होती.

आम्ही संगणकाचा प्लग काढला, झाकण उघडले, हात आधी पेटीच्या धातूला लावून अंगावरचा स्थिर विद्युतभार घालवला आणि सेल काढून शाळेच्याच मल्टिमीटरने मोजला. व्होल्टेज भरले २.१. सेल संपला होता.

हा सेल किती वर्षे पुरतो याचा हिशेब मुलांना करायला द्यावा. त्याची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. घड्याळाला ५ मायक्रोअँपिअर विद्युतधारा लागते असे समजा. २२० मिलिअँपिअर म्हणजे २,२०,००० मायक्रोअँपिअर. भागिले ५, म्हणजे ४४,००० तास. म्हणजे साधारण पाच वर्षे. संगणकाचा प्लग लावलेला आणि बटण चालू असेल तर संगणक बंद असतानाही घड्याळाला मुख्य पुरवठ्यातून थोडी वीज मिळते आणि सेल वाचतो. पण ज्या गावात रोज काही तास भारनियमन होते आणि शाळा सुटताना मुख्य खटका खाली पाडण्याची चांगली सवय असते, तेथे सगळा भार सेलवर पडतो. सेल अशक्त झाला की आज केलेला बदल रात्रीतून पुसला जातो आणि सकाळी बायॉस आपल्या मूळ क्रमावर परत येते.

पण क्रमात सीडी तिसरी होती म्हणून काय झाले? हार्डडिस्क नादुरुस्त होती, तर बायॉसने पुढे जाऊन सीडी का पाहिली नाही? याचे उत्तर चौथ्या पायरीत आहे. बायॉस हार्डडिस्कवरचे पहिले ५१२ बाइट वाचते आणि त्यातील शेवटचे दोन बाइट तेवढे तपासते. ते अनुक्रमे ८५ आणि १७० असतील तर खूण पटली. द्विमान पद्धतीत हे आकडे लिहून पाहा : ०१०१०१०१ आणि १०१०१०१०. एक दुसऱ्याचे नेमके उलट. खूण पटली की बायॉस कारभार सोपवून मोकळी होते. पुढची प्रणाली खराब आहे हे कळायला ती मागे थांबत नाही. आमच्या हार्डडिस्कवर खूण शाबूत होती, बिघाड पुढे होता. त्यामुळे सीडीची पाळी कधी आलीच नाही.

केजच्या बाजारात नवा सेल मिळाला. बसवला, तारीख भरली, सीडी पहिल्या क्रमांकावर आणली, जतन केले. प्लग काढून अर्धा तास थांबलो आणि पुन्हा पाहिले. क्रम टिकला होता. ही अर्ध्या तासाची तपासणी टाळू नये. दुरुस्ती केली म्हणजे दोष गेला, असे नसते. दोष गेला हे दाखवावे लागते.

जाता जाता एक सूचना. जुना सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने असा सेल गिळला तर अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होऊ शकते. तसे झाल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुसरा दोष : पाकिटासकट पेरलेले बी

मोठ्या आशेने सीडी घातली. सीडीचा दिवा लुकलुकला आणि पुन्हा तीच काळी ओळ!

या ठिकाणी बहुतेक जण चिडून एकदम चार गोष्टी बदलतात. मग संगणक चालू झाला तरी कशामुळे झाला ते कळत नाही. आम्ही एकच गोष्ट केली. तीच सीडी गुरुजींच्या घरच्या चालू संगणकात घालून तिच्यात काय दिसते ते पाहिले. आत एकच मोठी फाइल होती आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘आयएसओ’ ही अक्षरे होती.

येथे उलगडा झाला. ही फाइल म्हणजे संपूर्ण सीडीची प्रतिमा असते. सीडीवर कोणत्या जागी कोणता बाइट हवा, याची ती सुरुवातीपासून शेवटपर्यंतची नक्कल. ती सीडीवर ‘उतरवायची’ असते. म्हणजे तिच्यातला पहिला बाइट सीडीच्या पहिल्या जागी, दुसरा दुसऱ्या जागी. ज्याने सीडी करून दिली त्याने फाइल जशीच्या तशी, एखादे गाणे किंवा छायाचित्र ठेवावे तशी, सीडीत ठेवली होती. बियाण्याचे पाकीट न फोडता जमिनीत पुरावे, तसे हे झाले. बी आत आहे, चांगलेही आहे, पण उगवणार नाही.

का उगवणार नाही ते पाहू. सीडीवरची माहिती २०४८ बाइटच्या खंडांत विभागलेली असते. खंडांची मोजणी शून्यापासून करतात. पहिले सोळा खंड, म्हणजे ० ते १५, मोकळे सोडलेले असतात. सोळाव्या क्रमांकाच्या खंडात सीडीची ‘ओळखपत्रिका’ असते. सीडीवरून संगणक सुरू करायचा असेल तर सतराव्या खंडात तशी खास नोंद लागते आणि त्या नोंदीत सुरुवातीच्या प्रोग्रॅमच्या यादीचा पत्ता असतो. हा संकेत फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी जानेवारी १९९५ मध्ये ठरवला. त्याचे नाव मोठे मजेदार आहे, ‘एल तोरितो’. कॅलिफोर्नियातल्या एका मेक्सिकन उपाहारगृहात बसून त्याचा मसुदा केला, म्हणून त्याला त्या उपाहारगृहाचे नाव मिळाले, असे सांगतात. या संकेताच्या आधीच्या संगणकांना सीडीवरून सुरू होता येत नसे. ‘विंडोज ९५’ च्या सीडीबरोबर एक फ्लॉपी लागे ती यामुळेच.

आमच्या सीडीतल्या फाइलीच्या पोटात ही सगळी रचना होती, पण सीडीच्या सतराव्या खंडात नव्हती. बायॉसला फाइली उघडून त्यांच्या पोटात डोकावता येत नाही. ती ठरलेल्या जागी पाहते, खूण दिसली नाही की पुढच्या साधनाकडे, म्हणजे हार्डडिस्ककडे वळते. म्हणून पुन्हा तीच काळी ओळ.

नवी सीडी करण्याआधी एक तपासणी केली. अशी प्रतिमा जेथे मिळते तेथे तिच्याबरोबर ३२ किंवा ६४ अक्षरांची एक ओळ दिलेली असते. सबंध फाइलीतील प्रत्येक बाइट एका ठरावीक गणिती क्रियेतून नेऊन ही ओळ मिळते. फाइलीत एक बाइट जरी बदलला तरी ओळ पार बदलते. पुस्तकाच्या मागच्या आयएसबीएन क्रमांकातला शेवटचा अंक असाच आधीच्या अंकांवरून काढलेला असतो. आपल्याकडच्या फाइलीची ओळ काढून ती दिलेल्या ओळीशी ताडून पाहिली. जुळली. म्हणजे बी चांगले होते. मग कमी वेगाने, ‘प्रतिमा उतरवा’ हा पर्याय निवडून नवी सीडी तयार केली.

तिसरा दोष : अंधुक नजर

नवी सीडी घातली आणि पडद्यावर लिनक्सची पहिली ओळ उमटली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण दोन मिनिटांनी सीडीचा घरघराट वाढला, ‘वाचता येत नाही’ अशा अर्थाच्या ओळी येऊ लागल्या आणि सगळे ठप्प झाले.

आता दोष सीडीत की सीडी वाचणाऱ्या यंत्रात? मी फळ्यावर चार घरांचा चौकोन काढला. आडव्या ओळींत दोन सीडी, आमची नवी आणि दुसरी एक खात्रीची चालणारी. उभ्या ओळींत दोन यंत्रे, शाळेचे आणि गुरुजींच्या घरचे. मग एकेक घर भरले. घरच्या यंत्रात दोन्ही सीडी चालल्या. शाळेच्या यंत्रात दोन्ही अडखळल्या. आठवीतली एक मुलगी लगेच म्हणाली, “सर, सीडी नाही, मशीनच आजारी आहे.” हाच निष्कर्ष. त्यासाठी संगणकाचे ज्ञान लागले नाही, चौकोन लागला.

सीडी वाचणे हे किती नाजूक काम आहे ते पाहा. सीडीवर मध्यापासून कडेकडे जाणारी एकच सर्पिलाकार वाट असते. तिच्या दोन वेढ्यांमधले अंतर १.६ मायक्रोमीटर, म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीत चाळीसएक वेढे सहज मावतील. ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा लेसर एका बारीक भिंगातून या वाटेवर टेकवलेला असतो. परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमीजास्त होण्यातून माहिती वाचली जाते. घरी उतरवलेल्या सीडीत खळगे नसतात, रंगद्रव्याच्या थरावर डाग पाडलेले असतात. त्यांवरून परत येणारा प्रकाश छापील सीडीपेक्षा कमी असतो. भिंगावर धूळ बसली की आधीच कमी असलेला हा प्रकाश आणखी घटतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना याचे आश्चर्य वाटणार नाही.

मग थोडी धूळ असली तरी सीडी एरवी चालते कशी? त्यामागे गणित आहे. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी १९६० मध्ये चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांची एक रीत मांडली. सीडीत ती वापरलेली असते. शिवाय माहिती सरळ न लिहिता विस्कटून लिहितात. याचा खेळ फळ्यावर करता येतो. ‘सरोवर, गणपती, कबूतर, जलचर’ हे चार शब्द एकाखाली एक लिहा आणि उभ्या रांगेत वाचून एक ओळ तयार करा : स ग क ज रो ण बू ल व प त च र ती र र. आता मधली सलग चार अक्षरे, रो ण बू ल, पुसून टाका आणि उरलेली अक्षरे पुन्हा जागच्या जागी मांडा. स-वर, ग-पती, क-तर, ज-चर. प्रत्येक शब्दाचे एकच अक्षर गेले, बाकीच्यांवरून शब्द ओळखता येतो. शब्द सरळ लिहिले असते तर एखादा पूर्ण शब्दच नाहीसा झाला असता. या युक्तीमुळे सीडीच्या वाटेवरचा सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा सलग ओरखडासुद्धा पूर्ण भरून काढता येतो. त्याहून मोठा असेल तर मात्र गणित हात टेकते. सीडी पुसताना गोल गोल न पुसता मध्याकडून कडेकडे पुसावी, असे सांगतात त्याचे कारण हेच. गोल पुसताना पडलेला ओरखडा वाटेच्या दिशेने लांब जातो. कडेकडे पुसताना पडलेला वाट ओलांडून जातो आणि प्रत्येक वेढ्यात थोडेच नुकसान होते.

यंत्र उघडून भिंग पुसण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. लेसर न दिसणारा असतो आणि चालू यंत्रात डोकावणे धोक्याचे असते. शाळेतच बंद पडलेला दुसरा संगणक होता. त्याचे सीडी यंत्र प्लग काढून या संगणकात बसवले. या वेळी लिनक्स शेवटपर्यंत सुरू झाले.

आधी नोंदी, मग नवी प्रणाली

गुरुजींचा हात ‘स्थापना करा’ या बटणाकडे गेला. मी त्यांना थांबवले. अशा सीडीवरून प्रणाली थेट संगणकाच्या स्मृतीत चालते. हार्डडिस्कला हात न लावता ती वापरता येते. आपल्याला नवी प्रणाली हवी होतीच, पण त्याआधी जुन्या हार्डडिस्कवरच्या नोंदी हव्या होत्या. स्थापना करताना डिस्क कोरी झाली असती, तर तीन दोष शोधून काढल्याचा काय उपयोग?

हार्डडिस्क उघडली. पावसाच्या बारा फाइली समोर दिसल्या. पेन ड्राइव्हवर उतरवू लागलो. अकरा उतरल्या, २००९ ची उतरली नाही. डिस्कचा नेमका तो भाग खराब झाला होता. पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, खराब जागा वगळून पुढचे वाचणारे साधनही चालवले, पण ती फाइल गेली ती गेलीच. २००९ हे देशभर पावसाने ओढ दिलेले वर्ष. त्या वर्षाची वही वाळवीने आधीच खाल्ली होती. गुरुजींच्या डायरीत महिनावार बेरजा होत्या, तेवढ्या हाती राहिल्या. रोजच्या नोंदी कायमच्या गेल्या.

पुढे २०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या काळात या अकरा वर्षांच्या नोंदी गुरुजींनी मुलांसमोर अनेकदा मांडल्या. प्रत्येक वेळी आलेखात २००९ च्या जागी एक रिकामी फट दिसे. ती फट भरू नका, असे मी त्यांना सांगितले. जी नोंद दोन ठिकाणी नसते, ती नसल्यासारखीच समजावी, हे शिकवायला तिच्याइतकी चांगली आकृती नाही.

आजच्या संगणकात काय बदलले?

आज नव्या संगणकांत सीडीचे यंत्र बहुधा नसते. प्रणाली पेन ड्राइव्हवरून बसवतात. २००५ मध्ये अनेक कंपन्यांनी मिळून ‘यूईएफआय’ या नव्या पद्धतीचे काम हाती घेतले आणि बायॉसची जागा तिने घेतली. ती पहिल्या ५१२ बाइटच्या खुणेवर अवलंबून राहत नाही. ठरलेल्या नावाच्या कप्प्यात ठरलेल्या नावाची फाइल आहे का, ते पाहते. २०१२ नंतरच्या बहुतेक संगणकांत ‘सिक्युअर बूट’ असते. सुरुवातीच्या प्रोग्रॅमवर ओळखीची डिजिटल सही नसेल तर संगणक तो चालवत नाही. म्हणून पेन ड्राइव्ह उत्तम असूनही नाकारला जाऊ शकतो. ६४ बिटची प्रणाली ३२ बिटच्या प्रक्रियकावर चालत नाही, डीव्हीडी सीडीच्या यंत्रात चालत नाही, हीही नेहमीची कारणे. आणि प्रतिमा उतरवण्याऐवजी फाइल तशीच ठेवण्याची चूक पेन ड्राइव्हवरही तितकीच होते.

कड्यांची नावे बदलली, साखळी तीच राहिली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ ला मिळणारा सर्वसाधारण आधारही संपला. शाळांमधले कितीतरी जुने संगणक ‘विंडोज ११’ च्या अटींत बसत नाहीत. तेव्हा आमच्या गुरुजींपुढे २०१४ मध्ये जो प्रश्न होता तो अनेक शाळांपुढे पुन्हा उभा आहे. भंगारात काढण्याआधी संगणकाला एक संधी द्यावी आणि त्याही आधी त्यातल्या नोंदी काढून घ्याव्यात.

वर्गात करण्याजोगे

सीडीवरच्या वाटेची लांबी मुलांना काढायला सांगा. माहिती असलेल्या पट्ट्याची आतली त्रिज्या २५ आणि बाहेरची ५८ मिलिमीटर धरा. या कड्याचे क्षेत्रफळ वाटेच्या १.६ मायक्रोमीटर रुंदीने भागले की लांबी मिळते. उत्तर ५.४ किलोमीटरच्या आसपास येईल. हातात मावणाऱ्या तबकडीवर तासाभराच्या चालण्याचा रस्ता!

दुसरे, चार घरांचा चौकोन. विजेचा दिवा लागत नाही, तेव्हा दोष बल्बमध्ये की होल्डरमध्ये? दोन बल्ब, दोन होल्डर घ्या आणि घरे भरा. बंद पडलेली विजेरी, सायकलचा डायनॅमो, कशावरही हे करता येईल.

तिसरे, दोषवही. बिघाड दिसला की तारीख, नेमके काय दिसले, कोणती एकच गोष्ट बदलली आणि त्याने काय झाले, एवढे चार रकाने भरायचे. आमच्या संगणकात तीन दोष एकावर एक बसले होते. पहिल्याने दुसरा झाकला होता, दुसऱ्याने तिसरा. पहिला दोष दूर केल्यावर पडद्यावर काहीच फरक दिसला नव्हता, तरी तो दूर झालेला होता. वहीत तसे लिहिले नसते, तर आम्हीही ‘सेल बदलून उपयोग झाला नाही’ असे म्हणून भलत्याच दिशेला गेलो असतो.

त्या शाळेत आता पावसाची नोंद तीन ठिकाणी होते : वहीत, संगणकात आणि दर शनिवारी पेन ड्राइव्हवर. वही कपाटात असते, वाळवी लागू नये म्हणून पत्र्याच्या पेटीत. पेन ड्राइव्ह त्या आठवड्याच्या वर्गप्रतिनिधीच्या घरी.